वहिनीचं अंग तयार झालं

वहिनीला सख्खा दीर एकही नव्हता, तरी सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणायची. कारण तिचा नवरा. तो मधपाळ होता आणि रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही अडवून, "काय भाऊ, यंदा मध नेला नाही?" असं विचारायचा. नवऱ्यानं जगाला भाऊ करून टाकलं की बायकोला जगाची वहिनी व्हावंच लागतं. तिची त्याला हरकत नव्हती. मध विकायचा तर एवढं नातं जोडावंच लागतं, असं ती म्हणायची.

अंगानं किडकिडीत, जिभेनं तिखट, हाताला चपळ. घराच्या मागं पत्र्याची एक खोली होती, तिथं तिचं राज्य. नवरा माश्यांच्या पेट्यांवरून मधानं भरलेल्या चौकटी आणायचा. वहिनी गरम सुरीनं त्यांच्यावरचं मेणाचं झाकण सोलायची, चौकटी यंत्राच्या पिंपात उभ्या करायची आणि दांडा गरगर फिरवायची. मध पिंपाच्या भिंतीवर उडून खाली उतरायचा. मग तो गाळायचा, बाटल्यांत भरायचा, बाटल्या पुसायच्या. खोलीत एक मोडकी खुर्ची होती. नवरा त्या खुर्चीत बसून मधाची चव घ्यायचा आणि "सूर्यफूल" किंवा "रानातला" असं जाहीर करायचा. वहिनी दारातून नुसत्या वासावर त्याच्या आधी सांगायची. तिनं स्वतः मात्र कधी बोटभर मध चाटला नाही. दिवसभर कोपरापर्यंत मधात बरबटणाऱ्या बाईला संध्याकाळी लोणच्याची फोड हवी असते, एवढं साधं त्याला बारा वर्षांत कळलं नव्हतं. दर हंगामात पहिली वाटी तो तिच्यापुढं करायचा आणि दर हंगामात ती "ठेवा तिकडं" म्हणायची.

मधाच्या आधीचं आयुष्य वेगळं होतं. नवरा छापखान्यात मशीन चालवायचा. छापखाना बंद पडला आणि हा माणूस जो खाटेवर आडवा झाला तो वर्षभर उठलाच नाही. दाढी नाही, बोलणं नाही. जेवायला वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर विचारायचा नाही. वहिनी लोकांचे कपडे इस्त्री करून घर चालवत होती. एका दुपारी कपडे वाळत घालायला ती गच्चीवर गेली, तर हा कठड्यावर बसलेला. पाय बाहेर सोडून. "काय करताय?" तिनं विचारलं. "वारा घेतोय," तो म्हणाला. तिनं जवळ जाऊन त्याचा दंड धरला, काहीतरी थट्टा केली, त्याला आत ओढून घेतलं, जिन्यानं खाली आणलं. मग मोरीत जाऊन बसली. त्या दिवसापासून गच्चीच्या कुलपाची किल्ली तिच्या कमरेला होती. कुणाला एक शब्द बोलली नाही.

मग एका सकाळी समोरच्या दिव्याच्या खांबावर मधमाश्यांचं मोहोळ येऊन बसलं. गल्लीनं खिडक्या लावून घेतल्या. एक म्हातारा मधपाळ पेटी आणि शिडी घेऊन आला आणि शिडी धरायला कुणी पुढं होईना. हा खिडकीतून बघत होता. तसाच चपला घालून खाली गेला आणि शिडी धरून उभा राहिला. दोन-तीन माश्यांनी त्याला फोडूनही काढलं, पण शिडी सोडली नाही. वर बघून त्यानं म्हाताऱ्याला विचारलं, "यांच्यात राणी कुठली?"

वर्षभरात त्यानं विचारलेला तो पहिला प्रश्न. वहिनी दारात उभी होती, तिनं तो ऐकला आणि तिला रडू फुटलं. पाल दिसली तर खुर्चीवर चढणारी ही बाई. पण त्या एका प्रश्नापायी तिनं जगातल्या यच्चयावत माश्यांना जन्मभराची माफी देऊन टाकली. म्हाताऱ्याच्या हाताखाली शिकून नवरा स्वतःच मधपाळ झाला. माश्या आहेत तोवर नवरा आहे, असा हिशेब तिच्या मनात पक्का बसला. तो चूक होता असंही कुणी म्हणू शकणार नाही.

आता दुखणं कसं सुरू झालं ते.

मधपाळाला रोज डंख बसायचे. त्याला काही वाटायचं नाही. नखानं नांगी खरवडून टाकायची की संपलं, मागं एक लाल ठिपका. "डंख खाल्ल्याशिवाय अंग तयार होत नाही," हे त्याचं आवडतं वाक्य. आणि त्याच्यापुरतं ते खरंच होतं. वहिनीला मात्र डंख क्वचित बसायचा. चौकटीबरोबर एखादी चुकार माशी खोलीत यायची, सुरीच्या मुठीवर बसायची, आणि महिन्यातून, दोन महिन्यांतून एखादी चावायची. शिवाय नवरा पेट्यांवर जाताना घालायचा ते पांढरे डगले ती रोज संध्याकाळी झटकायची आणि धुवायची. त्या डगल्यांत तुटलेल्या नांग्या अडकलेल्या असत. झटकताना तिला शिंका यायच्या. ती म्हणायची, धूळ.

पहिल्या वर्षी बोट सुजलं. पुढं हात कोपरापर्यंत सुजला. तेव्हा नवऱ्यानं तो हात आपल्या मांडीवर घेतला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "तुला सोसत नसेल तर सांग. उद्या सगळ्या पेट्या विकून टाकतो."

हे तो मनापासून म्हणाला होता. पण म्हणताना त्याचा चेहरा कसा झाला ते तिनं पाहिलं. तो चेहरा तिनं आधी गच्चीवर पाहिला होता.

"छे, सोसतंय की," ती म्हणाली. "हात सुजला म्हणजे जीव गेला का? तुम्हीच म्हणता ना, अंग तयार होतं."

तिथून तिचं झाकणं सुरू झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मुठीत काय झाकलंय ते पाहून म्हणावं.

पुढचा डंख मानेला बसला. थोड्या वेळात पोटावर, पाठीवर, मांड्यांवर गांधी उठल्या. नशिबानं ती त्या दिवशी बहिणीकडं गेली होती. माशी पिशवीतून बरोबर आली होती. बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला शिवणकाम करायची. मशीन थांबवून तिनं वहिनीची पाठ पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"अगं, हे काय झालंय! भाओजींना ठाऊक आहे?"

"पित्त आहे गं. उठतं आणि जातं."

"पित्त माशी चावल्यावर उठतं का? डॉक्टरकडं चल आत्ताच्या आत्ता."

"डॉक्टर काय सांगणार? माश्या सोडा म्हणेल. मग?" वहिनी म्हणाली. "यांना परत खाटेवर बघायची माझ्यात ताकद नाही. तू तोंड उघडलंस तर तुझी-माझी बोलचाल बंद."

बहीण गप्प बसली. पण दर भेटीत ती वहिनीची पाठ बघितल्याशिवाय तिला सोडायची नाही.

डॉक्टर नको, तर औषधवाला. कोपऱ्यावरच्या दुकानातला औषधवाला बोलका होता. गिऱ्हाइकानं गोळी मागितली तर ती पोटात जाऊन काय करते हे सांगितल्याशिवाय त्याला करमायचं नाही. लोक वैतागायचे. वहिनीला मात्र ऐकायचंच होतं.

"वहिनी, आपल्या अंगात काही पेशी असतात, त्यांच्या पोटात हिस्टामिन नावाचं द्रव्य भरलेलं असतं," तो म्हणाला. "माशीच्या विषाशी अंगाचं एकदा वाकडं आलं की पुढच्या डंखाला अंग घाबरतं आणि ते सगळं बाहेर ओतून देतं. मग हिस्टामिन जाऊन ठरलेल्या जागांवर बसतं. बारीक नसांवर बसलं की नसा पाझरतात, सूज येते. कातडीतल्या मज्जातंतूंवर बसलं की खाज."

"आणि गोळी त्याला मारते?"

"नाही ना! सगळ्यांचा तोच गैरसमज. गोळी कुणाला मारत नाही. ती फक्त आधी जाऊन त्या जागा अडवते. बसमध्ये सीटवर रुमाल टाकतात की नाही, तसं. मागून हिस्टामिन येतं, बघतं तर सगळीकडं रुमाल. बसायला जागाच नाही. उभं राहून राहून विरून जातं."

वहिनीला हे एकदम पटलं. "म्हणजे रुमाल आधी टाकायला पाहिजे. गर्दी चढल्यावर टाकून काय उपयोग?"

"शाबास! आधी घेतली तर जास्त चांगली लागू पडते. जुन्या गोळ्यांनी झोप यायची, कारण त्या मेंदूतही जाऊन रुमाल टाकायच्या. या नव्या तशा नाहीत." त्यानं पाकीट पुढं केलं, पण हातातून सोडलं नाही. "पण हे नीट ऐका. श्वास अडकला, आवाज बसला, चक्कर आली, पोटात मुरडा येऊन उलटी झाली, तर गोळीचं काम संपलं. तेव्हा हिस्टामिन एकटं नसतं. त्याच्याबरोबर आणखी टोळी आलेली असते आणि ती दुसऱ्याच सीटांवर बसते, तिथं आपला रुमालच नसतो. गोळी खाऊन वाट बघत बसायचं नाही. दवाखाना. कळलं? आणि दर वेळी वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवा. दाखवलंय ना?"

"दाखवलंय की," वहिनी म्हणाली आणि पाकीट ओढून घेतलं.

माणूस सोयीचं तेवढं ऐकतो. रुमाल आधी टाकायचा, हे तिनं घरी नेलं. बाकीचं दुकानातच राहिलं.

मधाच्या हंगामात ती रोज सकाळी चहाबरोबर एक गोळी घ्यायला लागली. नवरा अंगण झाडत असायचा तेव्हा. आणि चमत्कार झाला. त्या हंगामात तिला चार-पाच डंख बसले, पण ना गांधी, ना खाज. थोडी सूज, बस्स. आरशात पाठ बघून ती स्वतःशीच हसायची. कधी डंखानंतर पोटात कळ यायची, कधी उठताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. ती म्हणायची, उपाशी राहिले, ऊन लागलं. अंगावर काही उठलं नाही ना? मग काही झालं नाही. ताकास तूर लागू दिली नाही तिनं कुणाला.

मधपाळाला तर आभाळ ठेंगणं झालं. गल्लीत ज्याला त्याला सांगत सुटला, "वहिनीचं अंग तयार झालं बरं का! आधी हात भोपळ्यासारखा सुजायचा. आता काही नाही. मी म्हणत होतो की नाही?" लोक माना डोलवायचे. वहिनी बाटल्या पुसत राहायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि इथं तोंड दाबणारा हातही तिचाच होता.

हात दाखवून अवलक्षण कसं होतं बघा. पुढच्या हंगामाच्या तोंडावर मधपाळाची कंबर धरली. भरलेली पेटी उचलता उचलता तो तिथंच वाकडा झाला. अंग तयार झालेली बायको घरात असताना पगारी माणूस कशाला शोधायचा?

"चल की तू पेट्यांवर," तो म्हणाला. "तू उचल, मी चौकटी बघतो. आता तुला काय भीती?"

खोलीत महिन्यातून एखादी माशी, आणि तिथं हजारोंचा घोंगाट. नाही म्हणायचं तर कारण सांगायला हवं. कारण सांगितलं की पेट्या गेल्या. पेट्या गेल्या की हा गेला. रात्री ती हे पुन्हापुन्हा मनात फिरवायची आणि दर वेळी त्याच भिंतीवर येऊन आपटायची. कुणाला विचारावं? बहिणीला सांगितलं तर ती धावत येईल आणि सगळं फोडेल. देवाला सांगावं तर तो ऐकतो की नाही, कळायला मार्ग नाही. शेवटी तिनं काय केलं, तर सकाळी एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्या, एक पाकीट डगल्याच्या आतल्या खिशात ठेवलं आणि टेम्पोत जाऊन बसली.

सूर्यफुलाचं शेत होतं. बांधावर पेट्या ओळीनं मांडलेल्या. पहिले काही दिवस सुरळीत गेले. जाड डगला, हातमोजे, डोक्यावर जाळीची टोपी. ती घामानं निथळायची, पण डंख बसला नाही. तिला वाटायला लागलं, निभेल. हा हंगाम निभेल. पुढचं पुढं.

त्या दुपारी माश्यांना शांत करायच्या धुराड्यातला धूर संपत आला होता. "जरा दम धरा, भरून आणते," ती म्हणाली. पण मधपाळानं चौकट उचललीही होती आणि माश्या उसळल्या. टोपीची जाळी गळ्यापाशी नीट बसली नव्हती. एक माशी आत शिरली. डोळ्यांसमोर, जाळीच्या आतून चालताना तिला ती दिसत होती. वहिनी जागच्या जागी थिजली. मधपाळ सांगत होता, "हलू नकोस, हलू नकोस." माशी हनुवटीखाली गेली आणि चावली.

ती टेम्पोकडं चालत गेली. टोपी काढली, नखानं नांगी खरवडली, खिशातली गोळी काढून घोटभर पाण्याबरोबर घेतली आणि टेम्पोच्या सावलीत बसली. रुमाल टाकलेले आहेत, ती मनाशी म्हणाली. सकाळीच टाकलेत. दंड बघितले, पोट बघितलं. एक गांधी नाही, कुठं खाज नाही. बघ, काही नाही. थोडं बसलं की उतरेल.

मग पोटात मुरडा आला. इतका जोराचा की ती गुडघ्यांवर पुढं झाली आणि उलटी झाली. त्यात गोळीही गेली. तोंड पुसताना तिला एकदम भीती वाटली. कशाची ते कळेना, पण आपण आता मरणार हे अगदी स्पष्ट वाटलं. "अहो," तिनं हाक मारली. आवाज कुणा दुसऱ्याच बाईचा आल्यासारखा घोगरा आला. औषधवाल्याचं दुकान, त्यानं हातात धरून ठेवलेलं पाकीट, त्याचं "हे नीट ऐका" हे सगळं तिला आठवलं, आणि तो पुढं काय म्हणाला होता तेही आठवलं. अक्षरन् अक्षर. आता आठवून काय उपयोग, तिला वाटलं. एवढं ऐकलं होतं तर ऐकायचं होतं.

मधपाळ कमरेवर हात ठेवून येत होता. "ऊन लागलं का?" म्हणत त्यानं पाहिलं आणि त्याच्या पाचावर धारण बसली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता, ओठ निळसर. श्वास घेताना गळ्यातून शिटी वाजत होती.

"गोळी," तो म्हणाला. "गोळी कुठाय तुझी?" आणि सरळ तिच्या आतल्या खिशात हात घातला.

ते तिनं पाहिलं. त्यानं शोधलं नाही, चाचपलं नाही. हात नेमका त्या खिशात गेला. पण त्या क्षणी त्याचा अर्थ लावायला तिच्याकडं श्वास नव्हता. त्यानं गोळी तिच्या ओठांत सरकवली. ती गिळेना, बाहेर आली. त्यानं परत घातली, परत बाहेर आली. "गीळ गं! गीळ!" तो ओरडत होता. मग त्यानं तिला काखेत धरून उभं केलं, आणि उभी राहताच तिच्या डोळ्यांपुढचं शेत विझलं.

त्याच्या कमरेचं काय झालं ते त्यालाच ठाऊक. त्यानं तिला उचलून टेम्पोत आडवी घातली आणि गाडी जी हाणली ती दवाखान्याच्या दारातच थांबवली.

वहिनीला तिथलं तुटक तुटक आठवतं. कुणीतरी डगला कात्रीनं कापला. मांडीत सुई गेली. पाय उंच केले. कुणीतरी म्हणत होतं, "आणखी एक द्या." छातीत हृदय धडधडायला लागलं आणि मग, बंद खोलीची खिडकी कुणी उघडावी तशी, हवा आत आली. ती एवढी गोड लागली की ती रडायला लागली. तिला रडता येत होतं, म्हणजे श्वास येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई खाटेच्या कडेला बसल्या. बोलायला सौम्य, पण शब्द मोजून टाकणाऱ्या.

"तुमच्या मिस्टरांना रोज डंख बसतात, म्हणून त्यांचं अंग सरावलं. तुम्हाला अधूनमधून बसले. अधूनमधून बसणाऱ्यांचं अंग कधीकधी उलटं वागतं, दर वेळी जास्त भडकतं. डगल्यांतून उडणाऱ्या धुळीनंही त्यात भर पडू शकते. मधपाळांच्या घरात हे होतं."

"गोळ्या घेत होते मी," वहिनी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "बरं वाटत होतं."

"खाज थांबत होती. खाज आणि गांधी ही सूचना असते. गोळीनं सूचना बंद केली. आतलं वाढणं तिला थांबवता येत नाही. श्वासनळी आवळली, रक्तदाब कोसळला, तर तिथं गोळी फार थोडं करू शकते आणि तेही फार उशिरा. तिथं ॲड्रेनालिनच लागतं. पाझरणाऱ्या नसा तेच आवळतं, श्वासाची वाट तेच मोकळी करतं, आणि तेही लगेच. तुम्ही आणखी थोडा वेळ सावलीत बसून राहिला असतात तर..." त्यांनी तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. "यावर उपचार आहे. विषाचाच अगदी थोडा थोडा अंश देऊन अंग सरावायला लावतात, दवाखान्यात, काही वर्षं. तोवर माश्यांच्या आसपास फिरकायचं नाही."

त्या गेल्यावर खोलीत दोघंच उरली. मधपाळ खुर्चीत वाकडा बसला होता, कमरेला पट्टा बांधलेला. दाढीचे खुंट वाढलेले. वहिनीनं छताकडं बघत विचारलं, "खिशात गोळ्या आहेत हे तुम्हाला कसं कळलं?"

तो कमरेचा पट्टा सारखा करत राहिला.

"अहो, मी विचारतेय."

"ठाऊक होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"गोळ्यांच्या पहिल्याच हंगामात. मेण सोलायची सुरी शोधत होतो, फडताळात पाकीट दिसलं. मग रोजच दिसायला लागलं. पेट्यांवर निघताना तू ते आतल्या खिशात घालायचीस, तेही दिसायचं."

वहिनीनं मान वळवली. "मग मला पेट्यांवर का नेलंत?"

"गोळीनं भागतंय असं वाटलं." तो दोन्ही तळवे एकमेकांवर घासत होता. "तू काही बोलत नव्हतीस. मी विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. तू सांगितलं असतंस तर मला पेट्या विकाव्या लागल्या असत्या. म्हटलं, हिचं भागतंय, माझंही भागतंय."

"आणि अंग तयार झालं म्हणून गल्लीभर सांगत होतात, ते?"

"तसं मोठ्यानं बोललं ना," तो म्हणाला, "की मला स्वतःलाच खरं वाटायचं."

तिला वाटलं होतं, आपण एकटीनं झाकून ठेवलंय. तिनं त्याच्यासाठी झाकलं होतं. त्यानं स्वतःसाठी कानाडोळा केला होता. एकाच चादरीची दोन टोकं दोघांनी घट्ट धरून ठेवली होती आणि खाली तीच गुदमरत होती. तिला त्याचा राग आला. मग त्याची कीव आली. मग परत राग आला आणि या वेळी तो गेला नाही. गच्चीवर तिनं त्याचा दंड धरला होता. तिनं काही विचारलं नव्हतं, भागतंय का म्हणून बघत उभी राहिली नव्हती. धरला होता.

"सगळ्या पेट्या विकतो," तो म्हणाला. आता तो रडत होता. "आजच. फोन करतो त्या म्हाताऱ्या मधपाळाच्या मुलाला."

"विकू नका," ती म्हणाली. "विकून काय कराल?"

त्यानं खिशातून काढलेला फोन परत आत ठेवला.

तेवढ्यात नर्स आत आली. तिच्या हातात पट्टीएवढं एक प्लास्टिकचं पेन होतं. "हे सरावाचं आहे, सुई नाही यात," ती म्हणाली. "खरं पेन घरी जाताना मिळेल. टोपण काढायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला जोरानं दाबायचं, कपड्यांवरूनही चालतं. दाबून धरायचं आणि लगेच दवाखान्याला फोन करायचा. पेशंटनं आडवं राहायचं, उठून चालायचं नाही. पेशंट बेशुद्ध असू शकतो, म्हणून जवळच्या माणसाला शिकवून ठेवायचं असतं. घाबरून, थांबून चालत नाही हं. शंका आली तरी मारायचं. तुमच्या जवळचं कोण?"

मधपाळ खुर्चीतून उठला. कमरेची कळ सोसत दोन पावलं पुढं आला आणि त्यानं हात पुढं केला.

वहिनी त्या हाताकडं बघत राहिली. बोटांवर जुन्या डंखांचे डाग होते. तिला त्या हाताची सवय होती, माया होती. हा हात वाईट नव्हता. पण आपला श्वास अडकेल तेव्हा हा हात शंका आल्या आल्या खाली येईल का, की आधी थोडा वेळ थांबून बघेल, भागतंय का, हे तिला आता सांगता येत नव्हतं.

"माझ्या बहिणीला बोलवा," ती नर्सला म्हणाली. "तिला शिकवा. मी तिच्याकडं राहणार आहे."

नर्सनं एकदा तिच्याकडं, एकदा मधपाळाकडं पाहिलं आणि बहिणीचा नंबर विचारला. वहिनीनं तो पाठ म्हणून दाखवला. मधपाळ हात पुढं करून तसाच उभा होता.